सभासदांची वीजसंस्था आणि कायदा

केदारखेड्यात वीज महावितरणची. पण सभासदांच्या मालकीची वीजसंस्थाही महाराष्ट्रात होती : श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. ती घाऊक वीज घेऊन गावोगावी विकत असे. आम्ही कापडवाले हा व्यवहार ओळखतो. घाऊक माल उधार, किरकोळ वसुली थकलेली, मग पेढी टिकत नाही. थकबाकी चढत गेली. २००३ च्या वीज कायद्यानुसार दर आणि परवाना नियामक आयोगाच्या हाती. परवान्याची मुदत संपली व फेब्रुवारी २०११ पासून तेथील वितरण महावितरणकडे गेले.

याच कायद्यानुसार वितरकाला ठराविक हिस्सा सूर्य, वारा अशा अपारंपरिक विजेचा घ्यावा लागतो. मोठी कंपनी महाग सौदा पचवते. लहान संस्थेत तोटा सभासदांच्याच माथी येतो. म्हणून अशी संस्था काढू इच्छिणाऱ्या बांधवांनी आधी वसुलीची वही पाहावी, मग परवान्याचा अर्ज लिहावा.