ओळख दोन्ही बाजूंनी पटावी

मंडळी, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली खामगावची कापसाची पेठ फार जुनी. या कापसासाठीच जलंबपासून खामगावापर्यंत १८७० साली रेल्वेचा फाटा आला. त्या काळचा एखादा गाडीवान डोळ्यांपुढे आणा. अंधार पडता पडता कापसाची गाडी घेऊन तो वखारीच्या फाटकाशी येतो. रखवालदार म्हणतो, “कोण रे तू? चिठ्ठी दाखव.” चिठ्ठी पटली, फाटक उघडले. पण “बाबा रे, तू तरी खरा रखवालदार कशावरून?” असे गाडीवान विचारतो का? कुणा भामट्याने भलत्याच आवारावर वखारीची पाटी लावली असेल, तर चिठ्ठी खरी असूनही कापूस बुडालाच!

शाळेचे निकाल, सोसायटीची खाती आज संगणकात असतात. मोठ्या कचेरीत ही माहिती वेगळ्या साठवणयंत्रात ठेवतात आणि संगणक जाळ्याच्या तारेवरून तिथे ने-आण करतो. त्या ने-आणीची एक रीत म्हणजे ‘आय-स्कझी’. तिचे नियम २००४ साली प्रसिद्ध झाले. तीत ओळख पटवण्यासाठी जी पद्धत वापरतात, ती ‘चॅप’.

चॅपची खुबी अशी, की परवलीचा शब्द तारेवरून जातच नाही. यंत्र दर वेळी नवा आकडा विचारते. संगणक तो आकडा आणि परवलीचा शब्द मिळून गणित करतो व नुसते उत्तर धाडतो. गुरुजी, हे वर्गात करून पाहा. दोन मुलांनी ३७ हा आकडा गुपचूप ठरवावा. एकाने १२ म्हणावे, दुसऱ्याने गुणाकार करून शेवटचे दोनच अंक सांगावेत : ४४. चोरून ऐकणाऱ्याला १२, ३७, ६२, ८७ हे चारही आकडे जुळतात! खरे गणित अर्थातच याहून कितीतरी गुंतागुंतीचे.

पण इथवर फक्त गाडीवानाचीच झडती झाली. पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि मला तरी ही हयगयच वाटते. संगणकानेही उलट आकडा विचारावा, यंत्राने उत्तर द्यावे, मगच माहिती सोडावी.

त्यासाठी परवलीचे शब्द दोन हवेत, आणि वेगवेगळे हवेत. एकच ठेवला तर काय होते पाहा. तुम्ही तोतया यंत्राला आकडा विचारता. त्याला उत्तर येत नाही. तो दुसऱ्या जोडणीवर तोच आकडा तुम्हालाच विचारतो, तुम्ही भाबडेपणाने उत्तर देता, आणि ते तो तुमच्याच हाती परत ठेवतो. चोराला किल्ली आपणच दिली की हो!

दोन्ही शब्द यंत्रावर नोंदवावेत, मग संगणकावर. कोणता कुणाचा, याची अदलाबदल झाली तर जोडणीच होत नाही. घोटाळा बहुधा तिथेच असतो. शब्द निदान बारा अक्षरांचा असावा, कारण सवाल-जबाब चोरून ऐकणारा घरी बसून आखूड शब्द अंदाजाने शोधू शकतो. गावाचे नाव तर मुळीच नको.

आणि एक. चॅप फक्त फाटकावरची ओळख पाहते. गाडीतला कापूस झाकत नाही. तारेवरून जाणारी माहिती उघडीच असते. ती झाकायची तर ‘आयपीसेक’ ही निराळी तजवीज करावी लागते. तेवढे जमत नसेल, तर साठवणयंत्राची तार इतर जाळ्यापासून वेगळीच ओढून घ्यावी.