तिरळेपणाची शस्त्रक्रिया, भूल आणि बालकांतील छर्दि

बालकाच्या तिरळेपणाची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते, डोळे सरळ होतात. परंतु घरी परतताच उलट्या सुरू होतात आणि घाबरलेले मातापिता आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतात. अशा वेळी ‘पित्त वाढले’ म्हणून चूर्णाची पुडी हाती देण्यापूर्वी कारणमीमांसा करणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते.

या शस्त्रक्रियेत नेत्रगोलक फिरविणाऱ्या मांसपेशी ओढल्या जातात. तो ताण ट्रायजेमिनल नाडीवाटे मेंदूकडे व तेथून व्हेगस नाडीवाटे हृदयाकडे पोहोचून हृदयगती मंदावते. नेत्रावरील दाबाचा हा परिणाम आश्नर व दाग्निनी यांनी १९०८ मध्ये वर्णिला. हृल्लास व छर्दि यांचा संबंधही याच ताणाशी जोडला जातो.

भुलीची निवड येथे निर्णायक ठरते. सेव्होफ्ल्युरेनसारख्या श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या द्रव्यांनी उलट्यांची शक्यता वाढते. शिरेवाटे दिलेल्या प्रोपोफॉलने ती, विशेषतः पहिल्या काही तासांत, घटते. मात्र प्रोपोफॉलच्या भुलीत हृदयगती मंदावण्याचा संभव अधिक असतो. म्हणून एकच भूल सर्वांना श्रेष्ठ असे म्हणता येत नाही. धोका अधिक असल्यास भूलतज्ज्ञ ऑनडॅन्सेट्रॉन व डेक्सामेथासोन आधीच योजतात.

हा धोका कसा ओळखावा? २००४ मध्ये एबरहार्ट व सहकाऱ्यांनी चार निकष मांडले : वय तीन वर्षे वा अधिक, शस्त्रक्रिया अर्धा तास वा अधिक, शस्त्रक्रिया तिरळेपणाची असणे, आणि बालकास, मातापित्यांस वा भावंडांस भुलीनंतर उलट्या झाल्याचा पूर्वेतिहास. एकही निकष नसता धोका सुमारे ९ टक्के, चारही असता सुमारे ७० टक्के. यांतील कुलवृत्त कुटुंबाच्या वैद्यास बहुधा ठाऊक असते. ते चालू औषधांच्या यादीसह भूलतज्ज्ञास लेखी कळवावे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका बालरुग्णाची शस्त्रक्रिया ऐनवेळी पुढे ढकलावी लागली. मी दिलेले औषध त्याला पहाटे दुधातून पाजले गेले होते. ‘आज औषध नको’ एवढे मी सांगितलेच नव्हते. मूढगर्भ, अर्श, अश्मरी आदींत रुग्णास उपाशी ठेवूनच शस्त्रकर्म करावे, तर अन्यत्र आधी भोजन द्यावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. आजच्या पूर्ण भुलीत मात्र जठरातील अन्न श्वासमार्गात शिरण्याचे भय असल्याने ठरलेल्या वेळेपूर्वी उपवास अनिवार्य आहे. घन आहार व वरचे दूध सामान्यतः सहा तास, स्तन्य चार तास आधी थांबवितात. स्वच्छ पाणी दोन तासांपूर्वीपर्यंत चालते. काही रुग्णालयांचे नियम निराळे असतात, तेच पाळावेत. मधातील चाटण हेही औषधच, हे औषधविक्रेत्यांनीही ग्राहकास आवर्जून सांगावे.

शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सकाची अनुज्ञा मिळाल्यावर लाजमंडासारखा लघु आहार घोटघोट द्यावा. खाण्याची सक्ती करू नये. उलट्या थांबत नसतील, मूत्रप्रवृत्ती घटली असेल, बालक सुस्तावले असेल वा डोळ्यात तीव्र वेदना असेल, तर आपले औषध बाजूस ठेवून त्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे. त्यात वैद्याचा कमीपणा नाही.