हातचा घेण्याआधी

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. ही नावं घेतली की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. काहींना संध्याकाळचा परवचा आठवून भरून येतं, काही ‘घोकंपट्टी’ म्हणून नाक मुरडतात. मूळ गोष्ट दोघांच्याही हातून निसटते. रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट, पै एकशे ब्याण्णव. मणाचे शेर चाळीस, शेराचे पाव चार. पाव-अर्ध्यावर चालणाऱ्या त्या बाजारात हे पाढे रोजच्या कामाचं हत्यार होतं. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि त्या हत्याराचं काम संपलं. पाढे गेले म्हणून मी गळा काढणार नाही.

पण त्यांच्याबरोबर एक सवयही गेली. सोळाचं औट, म्हणजे साडेतीनपट, पाठ नसलं तरी मुलगा अडत नसे. तिप्पट अठ्ठेचाळीस, निम्मे आठ, झाले छप्पन्न. चोवीसचं पाऊण विचारलं तर निम्मे बारा, त्याचे निम्मे सहा, मिळून अठरा. संख्या मनातच मोडायची आणि सोयीने पुन्हा जुळवायची. या तोंडी गणिताची बाजू मी अनेक वर्षं लावून धरली आहे, आणि या आढाव्यातही तीच धरणार आहे.

मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कॅप्टन जर्विससारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंग्रजी वळणाचं गणित मराठी पुस्तकांत आणलं. त्रैराशिक, व्याज-मुद्दल-मुदत आणि हौदाचे नळ पुढे पिढ्यान्‌पिढ्या जागचे हलले नाहीत. स्पुटनिकनंतर अमेरिकेत नवगणिताची लाट उठली, तिचे शिंतोडे आपल्यावरही उडाले. संच आणि छेदसंच पुस्तकांत आले, पालक गोंधळले, लाट ओसरली. १९६७ला बालभारती स्थापन झाली आणि त्यानंतर पुस्तकं अनेकदा बदलली. फळ्यावरची उभी मांडणी तेवढी कायम राहिली.

माझं भांडण आहे ते या उभ्या मांडणीच्या घाईशी. पाचवीच्या वहीत १००० मधून ३६७ वजा केले आणि उत्तर १३६७ आलं, असं मी वेगवेगळ्या तालुक्यांत पाहिलं आहे. शून्यातून सात जात नाहीत, मग सातच लिहा. सहाचं तेच, तीनचं तेच. एक खाली उतरवा. हजारातून काढल्यावर हजाराहून जास्त उरले, आणि मुलाला त्यात काहीच खटकलं नाही. त्याच मुलाला म्हणावं, ‘तीनशे सदुसष्टचं सामान घेतलंस, हजार दिलेस, परत किती?’ तो बोटं मोजत सांगतो, ‘तेहेतीस दिले की चारशे, वर सहाशे. सहाशे तेहेतीस.’ ६१८ला ६ने भागून १३ लिहिणाऱ्या मुलीला सहा जणांत सहाशे अठरा रुपये वाटायला सांगा. शंभर शंभर तर ती आधीच वाटून मोकळी होते.

हे माझ्या मनाचे खेळ आहेत असं म्हणणाऱ्यांसाठी परदेशात आणि आपल्याकडेही पुरावा आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या फिरत्या विक्रेत्या मुलांवरचा कॅराहर, कॅराहर आणि श्लीमान यांचा अभ्यास १९८५ला प्रसिद्ध झाला. पस्तीसच्या भावाने दहा नारळ: तीनचे एकशे पाच, पुन्हा तीन, पुन्हा तीन, वर एक, साडेतीनशे. तीच मुलं कागदावरच्या गणितात अडखळत होती. २०२५मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल ‘नेचर’मध्ये लिहिलं. ही मुलं गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी पार पाडतात, पण शाळेच्या धाटणीच्या उदाहरणापाशी बहुतेकांचं घोडं अडतं. दुसरीकडे, बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुलं त्या व्यवहारांत मागे पडतात. दोन गणितं शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांची गाठ घालून द्यायला कोणी नाही.

ती गाठ कशी घालायची, याची मला पटलेली एकच रीत आहे. रोज दहा मिनिटं, पाटी-पेन्सिल बाजूला, फळ्यावर एक उदाहरण. समजा, ४७ अधिक ३८. उत्तर ओरडायचं नाही. सगळ्यांचं झालं की चार-पाच जणांना विचारायचं, ‘तू कसं केलंस?’ एक म्हणतो, चाळीस नि तीस सत्तर, सात नि आठ पंधरा. दुसरी म्हणते, सत्तेचाळीस नि चाळीस सत्त्याऐंशी, दोन जास्त झाले ते काढले. तिसरा अडतिसातले तीन सत्तेचाळिसाला देऊन पन्नास करतो. शिक्षकाने प्रत्येकाचं म्हणणं जसंच्या तसं फळ्यावर लिहायचं. चूक की बरोबर ते वर्ग ठरवेल.

एका डोंगराळ भागातल्या दोनशिक्षकी शाळेत पंचवीस गुणिले सोळा चाललं होतं. चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘सोळात चार वेळा चार. चार पंचवीस शंभर. म्हणून चारशे.’ गुरुजी तरुण होते. मार्गदर्शिकेत नसलेलं हे उत्तर ऐकून क्षणभर थांबले, मग त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि वर त्या मुलीचं नाव घातलं. पुढे पोरं म्हणू लागली, ‘गुरुजी, इथे तिची रीत चालेल का?’ पन्नास गुणिले अठराला चालते का, पंचवीस गुणिले चौदाला काय करायचं, यावर वर्गात खरीखुरी चर्चा झाली. उभी मांडणी नंतर शिकवली तेव्हा ‘हातचा’ म्हणजे काय, हे त्या मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

वर्गात वापरायच्या साहित्यात मला मणीमाळ सर्वांत प्रिय. नेदरलँड्समध्ये हान्स फ्रॉइडेन्थाल यांच्या विचारातून जे वास्तवाशी जोडलेलं गणित उभं राहिलं, त्यातला हा धागा. आपल्या देशात दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ने तो रुजवला. शंभर मणी, दहा-दहांचे रंग आलटून-पालटून. अडतीस कुठे आहेत हे बोटाने दाखवलं की चाळिसाला दोन कमी, हे डोळ्यांनाच दिसतं. अलीकडे आपल्या शाळांना गणितपेट्या मिळाल्या. अनेक ठिकाणी त्या कपाटात कुलूपबंद आहेत, कारण मणी हरवले तर हिशेब द्यावा लागतो. ही मला असह्य होणारी गोष्ट आहे.

पाढे पाठ करण्याच्या मी विरुद्ध आहे, असं काही विद्वान माझ्या नावावर खपवतात. सात आठे छप्पन्न तोंडावर हवंच. पण सात पंचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस मिळून छप्पन्न होतात, हे एकदा ज्याने स्वतः जुळवलं त्याचा पाढा परीक्षेच्या भीतीने उडत नाही. सरावालाही माझा विरोध नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी सरावाची केवढी सुंदर वाट दाखवून ठेवली आहे! तीन अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता वजा करा, पुन्हा तेच करत राहा. ७४१ वजा १४७, ५९४. ९५४ वजा ४५९, ४९५. कुठूनही निघा, ४९५लाच पोहोचाल. चार अंकांना ६१७४. तिसरी-चौथीची मुलं उसने घेण्याची उदाहरणं कंटाळा न करता वहीभर सोडवतात आणि वर विचारतात, असं का होतं? मार्टिन गार्डनर यांनी १९७५मध्ये कापरेकरांवर लिहिलं, त्यानंतर जगाने त्यांची दखल घेतली. आपल्या वर्गांत ते अजून पुरते पोहोचलेले नाहीत.

मंगला नारळीकरांबद्दलही हेच दुःख. ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या, मुलांवर जीव असलेल्या या गणितज्ञ बाई. २०१९ला त्यांच्या समितीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तेवीस’सोबत ‘वीस तीन’ असंही वाचायची सोय आली आणि विधिमंडळापासून विनोदी कार्यक्रमांपर्यंत सगळे त्यांच्यावर तुटून पडले. जुनी पद्धत बंद केलेली नाही, हे त्या सांगत राहिल्या. सहा वर्षांच्या मुलाला त्रेसष्ट आणि छत्तीस यांत दशक कुठला ते कळावं, एवढाच त्यांचा हेतू होता. २०२३मध्ये त्या गेल्या, आणि तो वाद शांतपणे व्हायचा तसाच राहिला.

आता गल्लोगल्ली वेग विकला जातो. ‘वैदिक’ म्हणून ज्या युक्त्या शिकवतात त्या भारती कृष्णतीर्थांच्या १९६५च्या पुस्तकातल्या. वेदांत त्या नाहीत, हे श्री. गो. दाणी यांच्यासारख्या गणितज्ञाने केव्हाच दाखवलं. ९७ गुणिले ९६ चटकन करणाऱ्या मुलाला ‘हे का चालतं?’ विचारलं की तो आईकडे बघतो. शिष्यवृत्ती परीक्षेत पर्यायाचं वर्तुळ काळं करायचं, रीत दाखवायला जागाच नाही. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर पहिलीचं मूल घरी ज्या भाषेत हिशेब करतं ती दाराबाहेर ठेवून आत येतं.

आणि शिक्षक? लिपिंग मा यांनी १९९९च्या पुस्तकात अमेरिकी आणि चिनी प्राथमिक शिक्षकांना एकच प्रश्न विचारल्याची हकिगत दिली आहे: पावणेदोन भागिले अर्धा, यासाठी एक शाब्दिक उदाहरण रचा. अमेरिकी शिक्षकांना ते जवळजवळ जमलंच नाही. चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांना जमलं. हाच प्रश्न मी आपल्या प्रशिक्षणवर्गांत विचारत आलो आहे. बहुतेक जण पावणेदोन किलो साखर दोघांत वाटून टाकतात, म्हणजे दोनने भागतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कोणी त्यांना कधी हे विचारलंच नव्हतं. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरलं तर तीन पिशव्या आणि एक अर्धी होते, असं वर्गात सहज बोलणारा शिक्षक हवा असेल, तर शिक्षक-पदविकेच्या दोन वर्षांत असे प्रश्न त्याच्यापुढे रोज यायला हवेत. सध्या तिथला बराचसा वेळ पाठ टाचणाचे रकाने भरण्यात जातो.