शोभिवंत माशांच्या टाक्यांची हिवाळ्यातील निगा

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांत देशावरच्यासारखी कडक थंडी पडत नाही, म्हणून घरी किंवा परसात शोभिवंत मासे पाळणारे बांधव निर्धास्त राहतात. परंतु पौष-माघात रात्री मतलई वारा वाहू लागला की पहाटेचा पारा १७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा ३० अंशांजवळ जातो. गप्पी, मोली, गुरामी, एंजल या माशांना २४ ते २८ अंशांचे पाणी मानवते. पाण्याचे तापमान वारंवार खालीवर झाल्यास मासे अशक्त होतात व त्यांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पडतो. महिनोन्‌महिने जोपासलेली पिले त्यात थोड्याच दिवसांत दगावतात.

टाकीला ऊब देण्यापूर्वी असलेली ऊब राखावी, हे या कामातील मुख्य सूत्र होय. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ती सर्व टाकीतूनच गेली, तर १०० लिटर पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड होईल. यावरून उघड्या टाकीवरून वाहणारा कोरडा वारा किती हानी करतो, हे ध्यानात येईल. म्हणून सायंकाळी टाकीवर काच किंवा फळी झाकावी; हवेसाठी थोडी फट ठेवावी. काचेच्या टाकीच्या तळाशी, पाठीमागे व दोन्ही बाजूंस थर्माकोल लावावे. परसातील सिमेंटच्या टाकीभोवती भाताचा पेंढा भरलेली गोणपाटे बांधावीत व पूर्वेकडून झापांचा आडोसा करावा. लहान टाकी लवकर निवते, म्हणून हिवाळ्यात मासे शक्यतो मोठ्या टाकीत एकत्र ठेवावेत. मात्र गर्दी होऊ देऊ नये.

एवढे केल्यावरच विजेच्या हीटरचा विचार करावा. १०० लिटर पाणी ४ अंशांनी तापविण्यास सुमारे अर्धा युनिट वीज लागते; टाकी उघडी असेल तर हा खर्च रोज वाया जातो. १०० लिटरच्या टाकीस सुमारे १०० वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर पुरेसा होतो. तो पाण्यात पूर्ण बुडालेला असावा. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करून प्लग काढावा.

पाणी बदलतानाही काळजी घ्यावी. प्रस्तुत लेखकाने एकदा रात्रभर गच्चीवर निवलेले पाणी सकाळी तसेच टाकीत ओतले. आठवड्याच्या आत निम्मे गप्पी गेले. त्याच वेळी विहिरीचे पाणी हाताला कोमट लागत होते! गोड्या विहिरीचे ताजे पाणी उंचावरून ओतून हवेशीर करावे, दोन्हींचे तापमान मोजावे आणि पाव हिश्शाहून अधिक पाणी एका वेळी बदलू नये. पाणी थंड असता मासे कमी खातात. तेव्हा खाद्य निम्म्यावर आणावे व ते दुपारी द्यावे.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचाही समावेश करण्यात आला. या जोडधंद्यात पडलेल्या कुटुंबांकडे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी थंडी सुरू होताच जावे आणि पहाटे व दुपारी पाण्याचे तापमान मोजून लिहून ठेवण्याची सवय त्यांना लावावी. साधा तापमापक व एक झाकण एवढ्या अल्प खर्चात बरेचसे नुकसान टळू शकेल.