देवींचा टॅरो : भविष्य नको, गोष्ट विचारा

‘तीनपैकी एक पत्ता निवडा आणि हा आठवडा कसा जाईल ते जाणून घ्या.’ मोबाइलवर असा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पत्त्यांवर कधी राजा-राणी असतात, तर कधी चक्क आपली लक्ष्मी आणि सरस्वती! जगभरातल्या देवींवर आधारलेले टॅरोचे संच आता ऑनलाइन सहज मिळतात. ते दिसायलाही सुंदर असतात. पण लग्न, नोकरी, घर असे निर्णय त्यांच्या भरवशावर सोडण्याआधी हे पत्ते आले कुठून, ते माहीत करून घ्यायला हवं.

कोणत्या पत्त्यावर कोणती देवी?

टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. त्यातले २२ मुख्य आणि ५६ साधे. अमेरिकन चित्रकार क्रिस वॉल्डहेर यांनी १९९०च्या दशकात ‘द गॉडेस टॅरो’ हा संच तयार केला. त्यात न्यायाच्या पत्त्यावर ग्रीकांची अथेना आहे, जादूच्या पत्त्यावर इजिप्तची आयसिस, तर शक्तीच्या पत्त्यावर पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची ओया. ज्ञानाचा पत्ता सरस्वतीचा आणि भाग्याचा लक्ष्मीचा.

मुळात हा खेळच

टॅरोचा जन्म १५व्या शतकात उत्तर इटलीत झाला, तोही पत्त्यांचा एक खेळ म्हणून. त्यात इजिप्तचं प्राचीन गूढ ज्ञान दडलंय, असा दावा १७८१ मध्ये कूर द जेब्लाँ या फ्रेंच लेखकाने केला. त्याला कोणताही पुरावा नव्हता, तरी लोकांना कल्पना आवडली आणि पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची लाट आली. खरं तर पिसलेल्या पत्त्यांतून कोणता हाती येईल हा निव्वळ योगायोग असतो. ‘बदल होईल’, ‘संयम ठेवा’ असे अर्थ तर कुणालाही, कधीही लागू पडतात.

आपल्या सावंतवाडीचे देव

देव पत्त्यांवर आणण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीची गंजिफा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. गंजिफा मुघलांच्या काळात भारतात रुजली. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला हे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे पत्त्यांवर विष्णूचे दहा अवतार आले आणि दशावतारी गंजिफा तयार झाली.

यातले पत्ते गोल, हाताने रंगवलेले आणि एकूण १२०. प्रत्येक अवताराचे १२ : एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू. दिवसा खेळायला बसलं तर रामाच्या पत्त्यापासून सुरुवात आणि रात्री कृष्णाच्या. यात भविष्य नाही. कोणते पत्ते पडून गेले हे लक्षात ठेवणाऱ्याचा डाव!

छापील पत्ते स्वस्त झाले तशी ही कला विसरली जाऊ लागली. जाणकार कारागीर बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली. सत्त्वशीलादेवींनी स्वतः हातात कुंचला धरला. १९७१ मध्ये राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं आणि तिथे नवे कलाकार घडले. सत्त्वशीलादेवींचं २०१८ मध्ये निधन झालं, पण काम थांबलं नाही. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला जीआय मानांकन मिळालं. पत्त्यांना भविष्य विचारण्यापेक्षा या बाईंनी पत्त्यांनाच भविष्य दिलं.

घरी काय करता येईल?

* देवींचा टॅरो घरात असेल तर तो गोष्टींचं पुस्तक समजा. मुलांना रोज एक पत्ता काढू द्या आणि त्या देवीची गोष्ट सांगा. नवऱ्याच्या शरीराचे विखुरलेले तुकडे शोधत फिरणारी आयसिस नशिबावर विसंबून बसली नव्हती, हे मुलांना नक्की आवडेल.

* जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर वाटी ठेवून गोल कापा. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि वणीची सप्तशृंगी असे साडेतीन शक्तिपीठांचे पत्ते मुलांकडून रंगवून घ्या. साडेतीनमधलं अर्ध पीठ कोणतं, हा प्रश्न आजीसाठी राखून ठेवा.

* कोकणात गेलात तर सावंतवाडीचा राजवाडा बघा. तिथे कलाकार गंजिफा रंगवताना दिसतात.

* कुणी पत्ते पाहून लग्न मोडायला, नोकरी सोडायला किंवा शांतीसाठी पैसे भरायला सांगत असेल, तर तिथून सरळ उठा. असा निर्णय घरच्यांशी बोलून, कागदावर हिशेब मांडून घ्यायचा असतो. त्याला वेळ लागतो, पण तो निर्णय तुमचा असतो.