आगेरा : शेताविना सुगीचा सण

आयुष्यभर मराठी शिकवताना सणांची नावे मला फार बोलकी वाटत आली. मुंबईच्या गावठाणांतील व वसईकडील ईस्ट इंडियन कॅथलिक समाजाचा ‘आगेरा’ हे त्यांतलेच एक नाव. लॅटिनमध्ये ‘आगेर’ म्हणजे शेत. सणाचे नाव त्यावरून आले असे सांगतात. सुरतकरांना हा विषय परका वाटू नये. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि पुढे तेथे ख्रिस्ती धर्म रुजला. धर्म नवा आला; भातशेती मात्र जुनीच राहिली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्यांना धर्मगुरू आशीर्वाद देतात. वाजतगाजत मिरवणूक चर्चमध्ये येते. स्त्रिया पारंपरिक लुगडी नेसतात. मिस्सा झाल्यावर लोंब्या घरोघर नेल्या जातात. गोव्यात राय गावी हाच कणसांचा सण ५ ऑगस्टला होतो. पहिली पेंढी देवाला अर्पावी, ही आज्ञा बायबलच्या जुन्या करारातही आहे. कोकणातले हिंदू शेतकरी आश्विनात नव्या लोंब्या दाराला बांधतात, त्याला ‘नवे’ म्हणतात. उपासना भिन्न असली, तरी कृतज्ञता एकाच मातीतून उगवलेली आहे.

आज प्रश्न निराळाच उभा आहे. मुंबईच्या अनेक गावठाणांभोवतीची शेते इमारतींखाली गेली. लोंब्या दुसरीकडून आणून आगेरा साजरा करावा लागतो. मग हा सण पोकळ झाला काय? मला तसे वाटत नाही. शेताची मालकी गेली, तरी अन्नाचे ऋण फिटत नाही. खानदेशातून सुरतेस येऊन कापडधंद्यात राबणाऱ्या आपल्या बांधवांनाही हे उमगेल. गोठा मागे राहिला तरी पोळ्याला मातीचे बैल पुजले जातातच.

धोका आहे तो विसरण्याचा. लोंबी ही केवळ शोभेची वस्तू ठरली, की सण उरतो आणि त्याचा अर्थ जातो. म्हणून या शाळेतील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गात भाताची एक लोंबी आणावी, मुलांच्या हाती द्यावी, आणि आपल्या ताटातला भात कुठल्या शेतातून येतो, हे घरी विचारून यायला सांगावे.