खोलीस किती थंडावा पुरतो?

वैशाख लागला म्हणजे आमच्या मुकुटबनास सकाळीं दहापासूनच रस्ते ओस पडूं लागतात. यवतमाळ जिल्ह्याच्या या आग्नेय भागांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी कोणास नवल वाटत नाहीं. पूर्वीं घरें जाड मातीच्या भिंतींचीं व कवेलूंचीं होतीं. दुपारीं दारास वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडलें कीं काम भागत असे. आतां भिंती पातळ झाल्या, डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आला, आणि थंडाव्यासाठीं यंत्राकडे पाहण्याची वेळ आली. ज्यांचें घर भाड्याचें आहे, किंवा ज्यांना भिंतीस भोंक पाडावयाचें नाहीं, असे लोक चाकांवर फिरणारें, खिडकींतून नळी बाहेर सोडावयाचें पोर्टेबल वातानुकूलन यंत्र घेतात. तें केवढें घ्यावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हें गणित मीं स्वतः एकदां चुकविलें आहे. म्हणून त्यावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला पोंचतो.

तीन उन्हाळ्यांमागची गोष्ट. माझ्या आईस तेव्हां शहाऐंशी वर्षें झालीं होतीं. वरच्या मजल्यावरची तिची खोली दहा फूट रुंद व बारा फूट लांब, म्हणजे १२० चौरस फूट. डॉक्टरांनीं बजावलें होतें कीं, म्हाताऱ्या शरीरास घाम नीट येत नाहीं, तहानहि लवकर कळत नाहीं. तेव्हां खोली तापूं देऊं नका. दुकानदारानें क्षेत्रफळ विचारलें, मीं सांगितलें, आणि "एवढ्या खोलीस एक टन पुरे" असें म्हणून त्यानें यंत्र दिलें. परंतु मे महिन्यांत दुपारीं तीन वाजतां यंत्र सारखें धडधडत असे आणि खोलींतला पारा कांहीं ३४ अंशांखालीं उतरत नसे. त्या रात्रीं आईला आम्हीं ओसरीवर निजविलें, आणि मी वही घेऊन बसलों. जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें, पण स्वतःच्या घरीं भलतीच राशि धरली होती!

प्रथम टन म्हणजे काय तें पाहूं. तें यंत्राचें वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची शक्ति म्हणजे एक टन. यंत्रें नव्हतीं तेव्हां थंडावा बर्फानेंच मिळे. १८३३ सालीं बोस्टनकडील तळ्यांतला बर्फ जहाजानें कलकत्त्यास आला आणि पुढें मुंबईसहि येऊं लागला. आजच्या मापानें एक टन म्हणजे ताशीं १२,००० बी. टी. यू., किंवा सुमारें ३,५०० वॅट.

आतां खोलीकडे वळूं. क्षेत्रफळ हें उष्णतेचें माप नव्हे. तो नुसता अंदाज आहे. उष्णता येते ती छतांतून, भिंती-खिडक्यांतून, माणसांच्या अंगांतून आणि विजेच्या उपकरणांतून. उघडा स्लॅब भर दुपारीं ६० अंशांपर्यंत तापतो असें धरा. आंत २७ अंश राखावयाचे तर माझ्या छतांतून सुमारें १,३०० वॅट उष्णता उतरते. पश्चिमेची भिंत व खिडकी मिळून ६००, शांत बसलेल्या माणसाचे सुमारें १०० याप्रमाणें दोघांचे २००, पंखा-दिव्याचे १००. बेरीज २,२००. हिशेब ढोबळ आहे खरा, पण त्याप्रमाणें ३,५०० वॅटांचें यंत्र पुरून उरावयास हवें होतें. मग तें अपुरें कां पडलें?

उत्तर त्या नळींत होतें. स्प्लिट यंत्राचा तापणारा भाग घराबाहेर असतो. पोर्टेबल यंत्राचे गार व गरम असे दोन्ही भाग एकाच पेटींत, खोलींतच असतात. गरम भागावरील उष्णता घालविण्यासाठीं एका नळीचें यंत्र खोलींतलीच हवा घेतें आणि ती नळीवाटे बाहेर फेकतें. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी दाराच्या फटींतून आंत येणारच, आणि ती असते ४५ अंशांची! ताशीं ३०० घनमीटर हवा अशी जाते असें मानलें, तर तिच्या जागीं आलेली हवा २७ अंशांवर आणण्यासच सुमारें १,६०० वॅट खर्ची पडतात. ३,५०० मधून ते गेले कीं उरले १,९००; आणि खोलीची गरज २,२०० ची. शिवाय पेटीवरचा आंकडा बहुधा बाहेर ३५ अंश धरून केलेल्या चाचणींतला असतो; आमच्या उन्हांत शक्ति आणखी घटते. तापलेली नळी खोलींत ऊब सोडते ती निराळीच. अमेरिकेच्या ऊर्जाखात्यानें २०१६ सालीं चाचणीची जी नवी रीत ठरविली, तींत ही गरम हवा व नळीची ऊब वजा केली जाते. जुन्या रीतीनें १४,००० बी. टी. यू. म्हणविणारें यंत्र या रीतीनें पुष्कळदां आठ ते दहा हजारांवर येतें.

तेव्हां एका नळीचें यंत्र घेतांना पेटीवरच्या आंकड्याचा निम्मा ते दोनतृतीयांशच हिशेबीं धरावा. दोन नळ्यांचें यंत्र गरम भागासाठीं बाहेरचीच हवा घेतें; मिळाल्यास तें बरें. खोलीची गरज त्याहूनहि मोठी निघाली, तर पोर्टेबलचा नाद सोडून स्प्लिट घ्यावें. मात्र उगाच फार मोठें यंत्रहि नको. पावसाळ्यांत तें खोली चटकन गार करून थांबतें, हवेंतला दमटपणा तसाच राहतो आणि अंग चिकचिकत राहतें. नळी आंखूड व सरळ ठेवावी, खिडकीची फट बुजवावी, आणि विजेसाठीं १६ अँपिअरचें स्वतंत्र बटण असावें. यंत्र चालू असतां त्याच खोलींत कूलर लावूं नये. कूलर हवेंत पाणी मिसळतो आणि यंत्रास तें पुन्हां काढावें लागतें.

पण सर्वांत स्वस्त टन म्हणजे जी उष्णता आंत येऊंच दिली नाहीं ती. अहमदाबादेनें २०१० च्या तीव्र उन्हाळ्यानंतर २०१३ सालीं उष्णतेपासून बचावाची योजना आंखली, आणि पुढें वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें कामहि तिच्यांत आलें. आमच्या भागांत चुनखडीचा दगड जमिनीखालीं भरपूर. सिमेंटचा कारखाना त्यावरच उभा आहे. असें असतां गच्चीवर चुन्याचा हात फिरविण्याचें मला सुचूं नये, याची लाज वाटली. दुसऱ्याच दिवशीं तें काम करून घेतलें.

आणि यंत्राचें काय केलें? तें परत केलें नाहीं. आईची खाट व यंत्र, दोन्ही खालच्या मजल्यावरच्या तेवढ्याच खोलींत आणलीं. तेथें डोक्यावर तापलेला स्लॅब नाहीं. म्हणजे २,२०० मधून १,३०० आपोआप गेले आणि गरज उरली ९०० ची. त्या दुपारीं पारा २७ अंशांवर येऊन थांबला आणि आईनें पायांवर चादर मागितली. क्षेत्रफळ दोन्ही खोल्यांचें १२० चौरस फूटच होतें. आज ती एकूणनव्वद वर्षांची आहे. म्हणून सांगतों, यंत्र घ्यावयास जाण्यापूर्वीं खोलीच्या लांबीरुंदीबरोबर तिच्या डोक्यावर काय आहे तेंहि एकदां भर दुपारीं गच्चीवर जाऊन पाहावें.